वरच्या फाटकावरचा टॉवेल

९ सप्टेंबर

धाकटे,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर बोलता आलं असतं तर मी पोस्टाची तिकिटं चाटत बसले नसते. पण फोनवर बाबांचं नाव काढलं रे काढलं, की तुझं दूध उतू जातं. दर वेळी! एवढं दूध तुमच्याकडे पितं कोण, मला तर कळत नाही. म्हणून हे पत्र. पत्राला ‘थांब गं ताई, गॅस बंद करून येते’ असं म्हणता येत नाही.

मुद्द्याचं आधी लिहिते, नाहीतर माझं पाल्हाळ सुरू होईल. वाऱ्याचे दिवस तोंडावर आलेत. यंदा पावसाने तोंडच दाखवलं नाही, ओढा कधीच आटला. दोन्ही बाजूंच्या उतारांवरचं गवत इतकं वाळलंय, की कुत्रं त्यातून गेलं तरी कागद चुरगाळल्यासारखा आवाज येतो. पुलापासून वर जायला तोच एक रस्ता, आणि तो जिथे संपतो तिथे, अगदी टोकाला, बाबा एकटे. वारा सुटायच्या आत त्यांना खाली माझ्या घरी आणायचंय. माझं ते ऐकत नाहीत. जगात ते फक्त तुझं ऐकतात, शेंडेफळ ना तू. तेव्हा ये. दोन दिवस राहा, गोड बोल, रड, भांड, काय वाटेल ते कर, पण त्यांना खाली आण. माझं एवढंच मागणं आहे.

तू काय म्हणणार ते मला पाठ आहे. मागच्या वणव्यात घर तुझं जळलं आणि वर पळपुटी तूच ठरलीस. खरंय. चारचौघांत बोलायला नको होतं त्यांनी. सगळी दरी गाठोडी घेऊन पुलावर उभी, आणि हे तुला म्हणतात, ‘घर जळलं म्हणून बापाला टाकून चाललीस!’ मीही तिथेच होते. पण एक सांगू? त्या दिवशी बाबा घाबरले होते. आपल्या बाबांना घाबरता येत नाही गं, त्यांना फक्त चिडता येतं. एवढी वर्षं शाळेची बस चालवली त्यांनी या रस्त्यावर, मागे पन्नास पोरं आरडाओरडा करताहेत आणि बाजूला खोल घळ. घाबरणं त्यांना परवडलंच नसतं.

आता बाकीची खबर. ‘दरीची खबर’ अजून दर सोमवारी निघते. मी लिहिते, तुझे भाऊजी छापतात आणि शाईचे हात पडद्याला पुसतात. या अंकात विशेष काही नाही. पुलाचा कठडा हलतोय. कुणाचं तरी मांजर कुणाच्या तरी पोटमाळ्यावर व्यालंय आणि आता दोन्ही घरं म्हणताहेत, पिल्लं तुमची. आणि अर्थातच रणगाडा.

रणगाडा म्हणजे तुझ्या जळलेल्या जागेवर ज्यांनी घर बांधलं त्या गृहस्थांची गाडी. माणूस एकटा, आणि गाडी अशी की वरातीला पुरावी. आपल्या अरुंद रस्त्यावर ती वळतच नाही. मग रोज सकाळी हा माणूस उलट्या दिशेने वर बाबांच्या अंगणापर्यंत जातो, तिथे गाडी फिरवतो आणि मग खाली कामाला जातो. रोज! बाबांच्या अंगणाची धूळधाण झालीय. मी तीनदा छापलं त्याच्यावर, शेवटच्या वेळी तर चौकटीत. ढिम्म परिणाम नाही. नंतर कळलं की तो ‘खबर’ वाचतच नाही, पेटीतून काढतो आणि सरळ चुलीत घालतो. नाकाने कांदे सोलणाऱ्यांना काय दरीच्या बातम्या!

तू गेल्यावर इथे एक पद्धत सुरू झालीय, तीही सांगते. वणव्याचा भोंगा झाला की प्रत्येकाने निघताना आपल्या फाटकावर एक टॉवेल बांधायचा. टॉवेल म्हणजे, घर रिकामं आहे, आम्ही निघालो. मग स्वयंसेवक त्या दारात थांबत नाहीत, थेट पुढच्या घरी जातात. मागच्या वणव्यात रिकाम्या घरांची दारं बडवण्यात किती वेळ गेला होता, आठवतं ना? ही कल्पना शिट्टीबाईंची, म्हणजे शाळेत कवायत घ्यायच्या त्याच. निवृत्त झाल्या तरी शिट्टी गळ्यातच असते, आता स्वयंसेवकांच्या प्रमुख आहेत. बाबा म्हणाले, ‘टॉवेलने अंग पुसतात, आग नाही विझवत.’

मी रोज वर जाऊन त्यांना बघून येते, त्यामुळे काळजी करू नकोस. म्हणजे कर, पण इकडे येण्याइतकी तरी कर.

तुझी ताई


२३ सप्टेंबर

धाकटे,

तुझं पत्र आलं आणि मी दुकानातच जोरात ‘अगंबाई’ म्हणाले. दुकानदाराच्या हातून बरणी निसटली. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येतेस! नक्की ना? तुझ्यासाठी मागची खोली आवरायला घेतलीय. भाऊजींचं मोडकं छपाईयंत्र तिथून हलवायचं म्हणजे एक लढाईच, पण हलवेन.

शनिवारी आमची रंगीत तालीम झाली. भोंगा झाला, शिट्टीबाई मोटारसायकलच्या मागे उभ्या राहून शिट्ट्या फुंकत वर गेल्या (चालवणारा त्यांचा भाचा, बिचाऱ्याचे कान!), आणि सगळी दरी टॉवेल बांधून पुलापलीकडे शाळेच्या मैदानावर जमली. कुणी पोपट आणला, कुणी शिवणयंत्र. एका आजोबांनी फक्त रेडिओ आणला आणि बायकोला घरी विसरून आले; ती मागून तणतणत आली. हसून हसून पुरेवाट झाली. पण काम चोख झालं. एकाही घराचं दार ठोकावं लागलं नाही (रणगाडेवाला बाहेरगावी होता, त्याला धरलंच नाही). जिल्ह्याहून आलेले अग्निशामक अधिकारी म्हणाले, अशी शिस्त आम्ही कुठे पाहिली नाही.

आणि ऐक, बाबांच्या फाटकावरही टॉवेल होता! तोच, जुना निळा, कड फाटलेला. शिट्टीबाईंनी मला मैदानावर मिठी मारली. दर बैठकीत घोडं आपल्याच घरावर अडायचं ना.

सोबत अंक पाठवतेय. पहिल्या पानावरचा मथळा बघ, ‘शंभर टक्के!’ भाऊजींनी सगळ्यात मोठे ठसे काढले.

तू येतेयस ना? टॉवेल असला तरी तू येच. वारा अजून पडलेला आहे. मला उगाचच रात्री जाग येते आणि मी पडदा हलतोय का बघते.

ताई


२ ऑक्टोबर

धाकटे,

तुझं पत्र आत्ताच वाचलं. ‘अंक मिळाला. बाबा स्वतःहून निघतात म्हणजे आता माझी गरज नाही. उगाच जुन्या जखमेवरची खपली कशाला काढू? रविवारचं रद्द करते.’ किती सरळ लिहिलंस. आणि खाली, ‘मला बरं वाटलं गं ताई.’ तेच मी पुन्हा पुन्हा वाचतेय.

रद्द करू नकोस. तो मथळा खोटा आहे.

बाबा तालमीला निघालेच नव्हते. टॉवेल बांधून आत बसले होते. मैदानावर ते दिसेनात, तेव्हा मी मनाची समजूत घातली की गर्दीत कुठेतरी असतील, कुणीतरी आणलं असेल. रविवारी वर गेले तर दाराला आतून कडी. हाका मारल्या. खिडकीतून डोकं काढून म्हणतात, ‘टॉवेल दिसत नाही का? घरात कुणी नाही.’ आणि खिडकी लावून घेतली. आतून रेडिओचा आवाज येत होता.

अंक सोमवारी छापला. म्हणजे मला माहीत होतं. का छापलं विचारशील, तर उत्तर देते, पण हसू नकोस. सगळी दरी इतकी खूश होती! शिट्टीबाई तर रडल्या. त्यात मी कुठे उठून सांगू, की बायांनो, बाप्यांनो, दिव्याखालीच अंधार आहे, संपादकबाईंच्या बापानेच तुम्हाला फसवलं? मनात म्हटलं, धाकटी येतेच आहे, ती त्यांना खाली आणेल, मग खोटं काय आणि खरं काय, सगळं निस्तरेल. आणि तू तोच अंक वाचून येणं रद्द केलंस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता एवढं लिहिलंच आहे तर बाकीचंही लिहिते. मी रोज वर जाते असं तुला लिहिलं होतं. जात नाही. म्हणजे जाते, पण दारापर्यंतच. ऑगस्टपासून ते मला घरात घेत नाहीत, कारण मी त्यांच्या गाडीची किल्ली काढून आणली. काय करणार होते मी? डाव्या डोळ्याने त्यांना जवळजवळ दिसत नाही, डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून बजावलंय, तरी हे दुकानात जायला निघाले आणि वळणावर गाडी घातली भिंतीवर. भिंत कुणाची? रणगाडेवाल्याची. ज्याच्यावर मी चौकटीत लिहिते त्याच्याच भिंतीवर! तो एक अक्षर बोलला नाही. स्वतःच विटा आणून भिंत बांधून घेतली. त्याचाच मला जास्त राग आला.

मग मी बाबांशी तावातावाने भांडले आणि किल्ली घेऊन निघून आले. ती माझ्या कपाटात आहे. म्हणजे आता त्यांच्याकडे गाडी असून नसल्यासारखी. उद्या भोंगा झाला आणि त्यांना अगदी मनापासून निघावंसं वाटलं तरी निघणार कशाने? पाय दुखतात, दोन वळणं चालले की बसावं लागतं. रात्रंदिवस हेच डोक्यात घोळतं. किल्ली परत द्यावी तर ते गाडी घळीत घालतील. न द्यावी तर तिथे अडकलेले. इकडे आड तिकडे विहीर.

हे फोनवर सांगायची माझी हिंमत नाही. पुढच्या सोमवारच्या अंकात मी दुरुस्ती छापणार आहे, अगदी पहिल्या पानावर. तू मात्र ठरल्याप्रमाणे रविवारी ये. वाटल्यास माझ्यावर ओरड. पण ये गं.

ताई


५ ऑक्टोबर, शाळेच्या हॉलमध्ये

तुला लिहिलेलं वरचं पत्र पोस्टात पडलेलं नाही. पिशवीत घालून दोनदा पेटीपर्यंत गेले आणि दोन्ही वेळा परत आणलं. तू काय म्हणशील याची भीती वाटली. आज तेच कागद पिशवीत आहेत आणि त्यांच्याच पाठीवर लिहितेय. अक्षर लागलं नाही तर माफ कर.

सकाळी उठले तर खिडकी थडथडत होती. वारा सुटला होता. नऊच्या आतच ओढ्याच्या पलीकडच्या कड्यामागे धूर दिसला, आणि भोंगा.

मी आधी बाबांना फोन लावला. वाजतच राहिला. मग वाजायचाही बंद झाला, तारा गेल्या. किल्ली घेतली आणि धावत रस्त्यावर आले, तर वरून गाड्यांची रांग उतरत होती, एकाला एक चिकटून. वर जायला मुंगीला जागा नाही. भाऊजींनी दंड धरून मला अक्षरशः ओढत पूल ओलांडायला लावला. मी त्यांना काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मैदानावर शिट्टीबाई आल्या, काळवंडलेल्या, पण खूश. स्वयंसेवक वरपर्यंत जाऊन आले होते. ‘सगळी घरं झाली!’ म्हणाल्या, ‘अगदी वरचंसुद्धा, टॉवेल होता फाटकावर.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटे, टाळ्या वाजवल्या गं लोकांनी! अग्निशामक अधिकाऱ्याने बिनतारी यंत्रावर कळवून टाकलं, दरी पूर्ण रिकामी, कुणी अडकलेलं नाही. रेडिओवर तेच सांगताहेत. तूही ऐकलं असशील.

मी ओरडले. ‘टॉवेल खोटा आहे! बाबा आत आहेत!’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. शिट्टीबाई म्हणाल्या, ‘अहो, पण तालमीला तर निघाले होते ना? तुम्हीच छापलंत.’

‘नव्हते निघाले. मी खोटं छापलं.’

शिट्टीबाई वळल्या आणि थेट पुलाकडे धावल्या, साठी उलटलेली बाई! पण पुलावर पट्टी लावली होती. आग खालच्या वळणावर उतरली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी. अधिकारी म्हणाला, आता बंबही वर जाऊ शकत नाही, वारा थोडा फिरू द्या. मी त्याच्या पाया पडले. तो नुसता ‘काकू, काकू’ करत मला उठवत राहिला.

त्याला होऊन आता बराच वेळ झाला. पलीकडचं काही दिसत नाही, नुसता पिवळट धूर. मैदानात गाड्या मोजताहेत. रणगाडा आलेला नाही असं कुणीतरी म्हणालं. त्याच्या फाटकावर टॉवेल नव्हता म्हणे, दार ठोकलं तर म्हणाला, ‘निघतोच आहे.’ माझं तिकडे लक्ष नाही. बायका माझ्याजवळ येऊन बसतात, पाणी देतात, पण मथळ्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला सारखं वाटतंय की ते गाडीत बसून किल्ली शोधताहेत. खिसे चाचपताहेत, मग आठवतं आणि माझ्या नावाने बोटं मोडताहेत. मोडू देत. मोडण्यापुरते तरी असू देत.

लिहायचं थांबवते, पुन्हा पुलावरच्या पट्टीपाशी जाऊन उभी राहते.


६ ऑक्टोबर

धाकटे,

बाबा आहेत! आधी हे वाच आणि मग खाली बस.

आहेत, माझ्याजवळ आहेत, हॉलच्या कोपऱ्यात गादीवर घोरताहेत. भुवया थोड्या भाजल्यात, खोकला आहे, डॉक्टर म्हणाले छाती ठीक आहे. माझा अजून विश्वास बसत नाही. मध्येच उठून त्यांच्या नाकाशी बोट धरून बघते.

कसं झालं ते क्रमाने लिहिते. रणगाडेवाला उशिरा निघाला. का, तर घराच्या छपरावर पाणी मारत बसला होता. निघाला तोवर त्याच्या दाराशी धूर आलेला. आता त्या धुडाला रस्त्यावर वळता येतं का? नाही. म्हणून तो रोजच्यासारखा वर गेला, बाबांच्या अंगणात गाडी फिरवायला. ज्या अंगणाच्या धुळीवर मी तीन अंक खर्ची घातले त्याच अंगणात. गाडी फिरवता फिरवता त्याला खिडकीत बाबा दिसले. स्वयंसेवक त्याच्या अर्धा तास आधी त्याच फाटकावरून टॉवेल बघून गेले होते. हा मात्र उतरला आणि दार ठोकायला लागला.

संध्याकाळी मी त्याला विचारलं, ‘अहो, फाटकावर टॉवेल नाही का बघितला?’

‘बघितला की,’ म्हणाला, ‘वाळत घातलाय असं वाटलं.’

त्याला पद्धत माहीतच नव्हती! अख्ख्या दरीत एकटा माणूस ज्याने माझी ‘खबर’ कधी वाचली नाही, ‘टॉवेल म्हणजे रिकामं घर’ हे मी मोठ्या ठशांत छापलेलं ज्याने चुलीत घातलं, त्या एकट्याने दार ठोकलं. मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं. बिचारा घाबरून पाण्याचा पेला घेऊन आला.

पण दार ठोकून बाबा ऐकतात थोडेच! आतून ओरडले, ‘मी येणार नाही, तू जा.’ आपण दोघींनी जन्मभर हेच ऐकलंय. आणि पुढे आपण काय करतो तेही तुला माहीत आहे. मी हुकूम सोडते, तू टोमणा मारतेस, आणि ते आणखी घट्ट बसतात. पालथ्या घड्यावर पाणी. त्याने तसं काही केलं नाही. तो दाराबाहेरून म्हणाला, ‘काका, धुरात मला काही दिसत नाहीये. हा रस्ता मला एकट्याने उतरता येणार नाही. तुम्ही शेजारी बसून सांगाल का?’

बाबा बाहेर आले. चप्पलही न घालता.

आणि ज्यांना डाव्या डोळ्याने दिसत नाही ते त्याच्या शेजारी बसून रस्ता सांगायला लागले! ‘आता उजवीकडे धर, सोड, सोड, आता खड्डा येईल.’ दोन वळणं उतरले तर पुढे रस्त्यावर झाड जळत पडलेलं. मागे फिरायला जागा नाही. तेव्हा बाबांनी त्याला डावीकडे जुन्या खाणीत घालायला लावलं, तिथे नुसता दगड, गवताची काडी नाही. काचा बंद करून, ओली चादर डोक्यावर घेऊन दोघे तिथे बसून राहिले, वारा फिरून बंब वर येईपर्यंत. मी विचारलं, ‘बाबा, तिथे बसून बोललात काय एवढा वेळ?’ म्हणाले, ‘तो पोरगा फार घाबरला होता. त्याला बसच्या गोष्टी सांगितल्या.’

त्या माणसाला खरंच रस्ता दिसत नव्हता का, ते मी त्याला विचारलं नाही. विचारणारही नाही.

बंबातून ते उतरले तेव्हा मैदानावर सगळे होते. मी धावत गेले आणि काय बोलायचं ते सगळं विसरले. त्यांची मान धरून नुसती उभी राहिले. ते म्हणाले, ‘पुरे, पुरे, लोक बघताहेत.’ मी म्हटलं, ‘बघू देत.’ शिट्टीबाईंनी तेवढ्यात शिट्टी फुंकली, का ते त्यांनाही माहीत नाही. नंतर माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘आपल्याला हे नीट बोलावं लागेल.’ म्हटलं, ‘बोलू.’ माझ्यावर विश्वास ठेवून माणसं ते फाटक ओलांडून पुढे गेली होती, हे काही मला विसरता येणार नाही, आणि विसरूही नये.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. वरचं घर गेलं, धाकटे. बंबावरच्या मुलांनी सांगितलं. छप्पर, अंगणातलं झाड, आईची खोली, काही राहिलं नाही. बाबांना अजून माहीत नाही. सकाळपासून दोनदा विचारून झालं, ‘रस्ता कधी उघडणार? कोंबड्यांना दाणे घालायचेत.’ मी म्हणते, बघू, विचारते. त्यांनी काल रात्रीच कुणाकडून तरी चप्पल मागून घेतलीय, आणि ती उशाशी तयार ठेवलीय, परत जायला.

सांगावं तर मलाच लागणार. मी मोठी. दरीतल्या प्रत्येकाच्या मयताची, चोरीची, भांडणाची बातमी मीच लिहिलीय आजवर, आणि ही एक बातमी माझ्या तोंडून निघत नाही. जवळ जाऊन बसते, ते माझ्याकडे बघतात, आणि मी विचारते, ‘चहा हवा का?’ किती चहा पाजला त्यांना आज!

याआधीच्या पत्रांत मी तुला ‘ये’ म्हणून किती वेळा लिहिलं, आणि दर वेळी बाबांसाठी. बाबांना आण, बाबांना समजाव, बाबा फक्त तुझं ऐकतात. ते सोड. बाबा वाचले, त्यांना तुझ्यावाचूनही वाचता आलं, तुझ्या डोक्यावर कसलंही ओझं नाही. त्यांना तू अजून माफ केलं नसशील तर करू नकोस, मी मध्ये पडणार नाही.

पण मला हे एकटीला जमत नाहीये, धाकटे. मला भीती वाटते. मी सांगेन तेव्हा कुणीतरी माझ्या शेजारी बसलेलं हवं, आणि ते घर ज्याला माहीत आहे असं जगात तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

ही तिन्ही पत्रं एकाच पाकिटात घालते आणि आज पेटीत टाकल्याशिवाय परतत नाही. उत्तर लिहू नकोस. ये.

ताई